पहिली चाल खेळण्याआधी

फोर्ट जॉयच्या कैदी छावणीत जेवणावर ग्रिफचा ताबा आहे. त्याचा माल कुणीतरी लांबवला आहे आणि नुसत्या संशयावरून त्याने अमायरो नावाच्या एल्फला पिंजऱ्यात डांबलं आहे. नवा खेळाडू तिथे पोहोचतो, ग्रिफशी बोलायला जातो, शब्दाने शब्द वाढतो आणि लढाई जुंपते. आपले चारही जण पिंजऱ्यासमोर घोळक्याने उभे असतात. ग्रिफची माणसं मात्र पांगलेली असतात. दुसरी फेरी संपेपर्यंत आपल्यातले दोघं जमिनीवर असतात, तिसरीत खेळ आटोपतो.

'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २' या गेमशी अनेकांची पहिली खरी ओळख अशीच होते. इथेच गेम बंद करून टाकायचा मोह होतो आणि ते होऊ नये म्हणून हा लेख आहे. ग्रिफच्या हातून झालेला पराभव बोटांच्या चपळाईचा नव्हता. घाई कुणीच केलेली नव्हती. खेळाडूच्या पाळीला घड्याळ लावलेलं नसतं. हवी तर दहा मिनिटं विचार करावा. लढाई हरली ती पहिला वार होण्याआधीच, कारण कोण कुठे उभं आहे याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ही एक गोष्ट ध्यानात आली की पुढचे साठ-सत्तर तास या गेमची गोडी वाढतच जाते.

हा गेम बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या लॅरियन स्टुडिओजचा. स्वेन विंके यांनी १९९६ मध्ये ही कंपनी सुरू केली. 'अल्टिमा ७' या १९९२ च्या गेमवर त्यांचं जिवापाड प्रेम, आणि वस्तू उचलाव्या, हलवाव्या, जोडाव्या अशा जिवंत जगाची ओढ तिथूनच आलेली. 'ओरिजिनल सिन २'साठी त्यांनी २०१५ मध्ये किकस्टार्टरवर चाहत्यांकडे ५ लाख डॉलर मागितले. जमले २० लाखांहून अधिक. १४ सप्टेंबर २०१७ रोजी गेम आला आणि पुढच्या वर्षी त्याला मल्टिप्लेअर विभागात बाफ्टा पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये सुधारलेली 'डेफिनिटिव्ह एडिशन' निघाली. नव्याने घेणाऱ्याने तीच खेळावी. लॅरियनचा २०२३ चा 'बाल्डर्स गेट ३' जगभर गाजला, पण लढाईची बांधणी म्हणून पाहिलं तर 'ओरिजिनल सिन २' आजही जास्त कसदार आणि जास्त निष्ठुर वाटतो.

सुरुवातीला एक निर्णय मनात किंतु न ठेवता घ्यावा: काठिण्य कोणतं? स्टोरी, एक्सप्लोरर, क्लासिक, टॅक्टिशियन आणि ऑनर अशा पाच पायऱ्या आहेत. टॅक्टिशियनमध्ये शत्रू जास्त दणकट असतात आणि त्यांच्याकडे नवे डावपेचही असतात. ऑनरमध्ये सेव्ह एकच. सगळा चमू मेला की ते सेव्ह पुसलं जातं. पहिल्यांदा खेळणाऱ्याने क्लासिक निवडावं. त्यात लढाया चुरशीच्या होतात, पण चुकीला सुधारायला जागा राहते. एक्सप्लोररने सुरुवात केली तरी त्यात कमीपणा नाही. खेळ चालू असतानाही एक्सप्लोरर आणि क्लासिक यांच्यात अदलाबदल करता येते. या प्रकारात मुरलेले काही लोक थेट टॅक्टिशियन सुचवतात. त्यांचं ऐकू नये. आधी नियम हाडात भिनले पाहिजेत, मग ती मजा वेगळी आहे.

नियम म्हणजे मुळात हिशेब. प्रत्येक पाळीला पात्राला ४ ॲक्शन पॉइंट मिळतात. चालण्याला पॉइंट लागतात, वार करायला लागतात, मंत्राला लागतात. साधा वार बहुधा २ चा. उरलेले पॉइंट पुढच्या पाळीत जमा होतात, पण एकूण ६ च्या वर जात नाहीत. म्हणजे पहिल्या पाळीत शत्रू लांब असेल तर धावत जाऊन अर्धवट वार करण्यापेक्षा २ पॉइंट राखून ठेवणं आणि त्यालाच धावत येऊ देणं पुष्कळदा फायद्याचं ठरतं. नवा खेळाडू पॉइंट संपवल्याशिवाय पाळी सोडत नाही. त्याला काहीतरी वाया चाललंय असं वाटत राहतं. खरं तर शत्रूने चालण्यात घालवलेला प्रत्येक पॉइंट ही आपली कमाई आहे. शिवाय पाळी मागे ढकलायची सोय आहे. ती विसरू नये. जादूगाराने आधी पाणी ओतावं आणि मग दुसऱ्याने वीज सोडावी असं ठरलं असेल, तर क्रम उलटा आला की पहिल्याने थांबायचं.

आता या गेमचा गाभा, म्हणजे चिलखत. शत्रूच्या लाल आरोग्यपट्टीवर आणखी दोन पट्ट्या दिसतात. करडी पट्टी फिजिकल आर्मरची, निळी मॅजिक आर्मरची. तलवार, बाण, खंजीर यांचा मारा आधी करडी पट्टी खातो. आग, वीज, पाणी, विष यांचा मारा आधी निळी खातो. ज्या पट्टीवर मारा चालू आहे ती शून्यावर आल्याशिवाय जिवाला धक्का लागत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ती पट्टी शाबूत असेतो शत्रूला खाली पाडणं, गोठवणं, बधिर करणं यातलं काहीच जमत नाही. लढाई जिंकून देणारी हत्यारं नेमकी हीच.

आकडे मांडून पाहिलं की सगळं लख्ख होतं. समजा एका शत्रूचं फिजिकल आर्मर ४०, मॅजिक आर्मर २० आणि आरोग्य ६० आहे. आपला प्रत्येक जण एका पाळीत ३० चा मारा करतो. एक तलवारबाज आणि एक जादूगार मिळून त्याच्यावर तुटून पडले, तर तलवारबाजाचे ३० चिलखतातच जिरतात. जादूगाराचे २० चिलखतात जातात आणि आरोग्य घटतं अवघं १०. तेच दोन जादूगारांनी मारलं तर ६० पैकी २० वगळून तब्बल ४० चा घाव बसतो. मारा तेवढाच, परिणाम चौपट. त्यामुळे चमू बांधताना एक तर बहुतेकांचा मारा एकाच जातीचा ठेवावा किंवा दोन-दोनच्या जोड्या करून प्रत्येक जोडीने वेगळं गिऱ्हाईक धरावं. शत्रूंच्या जादूगारांचं फिजिकल आर्मर बहुधा पातळ असतं, योद्ध्यांचं मॅजिक आर्मर पातळ. तेव्हा धनुर्धाऱ्याने जादूगाराकडे वळावं आणि जादूगाराने योद्ध्याकडे. कोण समोर आलं यावरून लक्ष्य ठरवू नये; कुणाची कुठली पट्टी आखूड आहे ते आधी माऊस फिरवून बघावं आणि मगच वार करावा.

एकदा पट्टी फुटली की मग दया नको. 'बॅटरिंग रॅम' किंवा 'बॅटल स्टॉम्प'ने खाली पाडलेला शत्रू त्याची पुढची पाळी गमावतो. पॉलिमॉर्फ शाखेतल्या 'चिकन क्लॉ'ने तर भलाथोरला योद्धा कोंबडी होऊन सैरावैरा पळू लागतो. पाळी गमावलेला शत्रू त्या फेरीपुरता मेल्यासारखाच असतो. म्हणून एकाला पुरता ठार करून दुसऱ्याकडे वळण्यापेक्षा दोघांना पाडून ठेवणं कधीकधी शहाणपणाचं असतं, आणि हे ताडणं हाच या लढायांमधला सर्वांत मोठा आनंद आहे.

जमिनीचंही तसंच. या गेममध्ये जमीन रिकामी नसते. पाण्यावर वीज पडली की ते पाणी विजेने भरतं आणि त्यात उभ्या असलेल्या, मॅजिक आर्मर संपलेल्या कुणालाही बधिर करतं. रक्ताचंही तेच होतं. तेल आणि विष पेट घेतात. पाण्यावर आग टाकली की वाफ होते, त्या वाफेत वीज सोडली की विजेचा ढग तयार होतो. बर्फावरून धावणारा घसरून पडतो. पण बुटांना खिळे ठोकले तर तो घसरत नाही! खिळे आणि बूट एकत्र जोडायची सोय गेममध्ये आहे, आणि जिथे तिथे सापडणारे ते क्षुल्लक खिळे विकून टाकणाऱ्याला पुढे हळहळ वाटते. हा सगळा रसायनाचा खेळ दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे. म्हणून लढाई सुरू होताच पहिला प्रश्न 'कुणाला मारू' हा नसावा. 'आपण कशात उभे आहोत' हा असावा. तेलात उभे असाल तर तिथून हलण्यात घालवलेला पॉइंट कधीच वाया जात नाही.

पुन्हा ग्रिफकडे येऊ. पडद्याच्या कडेला चौघांचे चेहरे साखळीने जोडलेले असतात. ती साखळी तोडता येते, हे अनेकांना बऱ्याच उशिरा कळतं. साखळी तोडून धनुर्धारी आणि जादूगार यांना दूर, शक्य तर उंचावर उभं करावं. उंचावरून लांबचा मारा अधिक लागतो. ज्याचं बोलणं प्रभावी, म्हणजे पर्सुएशन चांगलं, त्या एकट्यानेच पुढे जाऊन बोलावं. बोलणं फिसकटलं तर घोळक्यात सापडायला तिथे घोळका नसतोच. एवढ्या एका तयारीने ग्रिफची लढाई निम्म्याने सोपी होते.

आणि खरं सांगायचं तर ती लढाई करावीच असंही नाही. छावणीत चौकशी केली तर माल अमायरोने घेतलेलाच नाही, स्टिंगटेल नावाच्या लिझर्डने लांबवला आहे, हे कळतं. तो परत आणून दिला की पिंजरा उघडतो. अनुभवाचे गुण लढूनच मिळतात असं नाही. कामं मार्गी लावूनही मिळतात आणि ते सगळ्या चमूला मिळतात. फोर्ट जॉयमध्ये आल्याआल्या लढाया शोधत फिरण्याऐवजी पहिले दोन-तीन तास नुसतं बोलत, ऐकत, पेट्या उघडत हिंडावं. अंथरूण, म्हणजे बेडरोल, हाती लागलं की जपून ठेवावं; लढाई नसताना त्यावर आडवं झालं की सगळ्यांच्या जखमा एका पैशाचा खर्च न होता भरून येतात. किनाऱ्यावरच्या मगरींपैकी एक स्वतः टेलिपोर्ट होणारी आहे. तिला मारल्यावर टेलिपोर्टेशनचे हातमोजे मिळतात. त्यांनी शत्रूचा धनुर्धारी उंच बुरुजावरून उचलून आपल्या तलवारबाजाच्या पुढ्यात आणून टाकता येतो, आणि आपलाच अडकलेला साथीदार भिंतीपलीकडे पोहोचवता येतो. छावणीखालच्या आखाड्यात जिंकणाऱ्याच्या गळ्यातला, सोर्स ही खास जादू रोखणारा पट्टा लोहारीण नेबोरा काढून देते. तिथे मात्र तिसऱ्या पातळीआधी जाऊ नये.

पातळी हा शब्द इथे फार जड आहे. शत्रू आपल्यापेक्षा एका पातळीने वरचा असेल तर घाम फुटतो, दोनने वरचा असेल तर बहुधा मागे फिरणंच बरं. शत्रूंच्या नावाशेजारी पातळीचा आकडा दिसतो; तो वाचल्याशिवाय कुणाच्या वाटेला जाऊ नये. दारं सगळीकडे उघडी आहेत, पण गेम कुठेही अडवत नाही याचा अर्थ आपण तिथे आत्ता जावं असा नव्हे. हत्यारांचंही तसंच. दोन पातळ्या जुनी, दिसायला झगमगीत तलवार नव्या साध्या तलवारीपुढे फिकी पडते. पातळी वाढली की दुकानातला माल बदलतो. तेव्हा प्रत्येक वेळी एक चक्कर मारावी आणि पहिला पैसा हत्यारावर खर्चावा.

पात्रं घडवताना लोक एक चूक हमखास करतात: सगळं थोडंथोडं. हल्ला ज्यावर चालतो तो एकच गुण आधी वाढवावा. दंडाच्या जोरावर लढणाऱ्याचा स्ट्रेंग्थ, धनुर्धारी आणि खंजीरवाल्याचा फिनेस, जादूगाराचा इंटेलिजन्स. मेमरी लागेल तेवढीच. तलवार, धनुष्य, खंजीर अशा कुठल्याही शारीरिक माऱ्याची धार वॉरफेअर या कौशल्याने वाढते. हे आश्चर्याचं वाटतं, पण धनुर्धाऱ्यालाही सुरुवातीला हंट्समनपेक्षा वॉरफेअरचे गुण जास्त फळतात. एकाने तरी विट्स वाढवावा, म्हणजे पाळी लवकर येते आणि दडवलेल्या गोष्टीही दिसतात. चौघांचा कारभार डोक्याला ताप वाटत असेल तर 'लोन वुल्फ' घेऊन दोघांनीच खेळता येतं. त्यांना पाळीला ६ पॉइंट मिळतात. यातलं काही चुकलं तरी जीव टाकू नये. पहिलं बेट सोडल्यावर 'लेडी व्हेंजन्स' या जहाजावर एक आरसा आहे. त्याच्यासमोर उभं राहून कुठलंही पात्र कितीही वेळा नव्याने घडवता येतं. तोवर हातात असलेल्या पात्रांवर मनसोक्त प्रयोग करावेत.

सेव्ह करण्याबद्दल दोन मतं आहेत. काहींना पुन्हापुन्हा मागे जाणं म्हणजे लबाडी वाटते. ते मत मान्य करता येत नाही. ऑनर सोडून बाकी पायऱ्यांत गेमनेच ही मोकळीक दिली आहे, कारण इथली लढाई बुद्धिबळातल्या कोड्यासारखी आहे; पट पुन्हा मांडल्याशिवाय कोडं सुटत नाही. बोलण्याआधी, दार उघडण्याआधी संगणकावर एफ५ दाबण्याची सवय लावून घ्यावी. हरल्यावर लगेच पुन्हा खेळायला बसू नये. कोण आधी पडलं, कशाने पडलं, शत्रूंपैकी कुणी सर्वाधिक इजा केली, याची मनाशी उजळणी करावी. दुसऱ्या प्रयत्नात बदलायची असते ती एकच गोष्ट: त्या एका शत्रूचा बंदोबस्त. तीनदा हरलं तर ती जागा सोडून दुसरीकडे जावं, एक पातळी वाढवून परत यावं.

या सगळ्याची कसोटी लागते ती पुढच्या टप्प्यात, रीपर्स कोस्टवरच्या ब्लॅकपिट्समध्ये. तिथे तेलाच्या विहिरी आहेत, आणि मॅजिस्टर म्हणवणाऱ्या शिपायांनी ग्विडियन रिन्स नावाच्या माणसाला धरून ठेवलं आहे. त्याला सोडवलं की तेलातूनच व्हॉइडवोकन नावाचे राक्षस उगवू लागतात आणि पाहता पाहता सगळा परिसर पेटतो. ही आग शापित असते, तिला नेक्रोफायर म्हणतात. पावसाचा मंत्र तिच्यावर चालत नाही. आधी 'ब्लेस'ने शाप उतरवावा लागतो. पहिल्या प्रयत्नात जवळजवळ सगळे इथे होरपळतात. पण ज्याला फोर्ट जॉयने उभं राहण्याची जागा पाहायला शिकवलं, त्याला इथे वाट दिसते. लढाई सुरू होण्याआधीच चमू तेलापासून दूर, उंचावर न्यावा. ग्विडियनला टेलिपोर्टने उचलून आगीबाहेर ठेवावं. अग्निरोधक क्षमता शंभर टक्क्यांच्या वर गेली की आग जाळण्याऐवजी जखमा भरते. तेव्हा अशी अंगठी किंवा काढा मिळाला असेल तर आगीतच उभं राहून लढणारा एक जण तयार करता येतो. हातातून दोनदा निसटलेली ही लढाई तिसऱ्यांदा बेतल्याप्रमाणे उलगडते, तेव्हा खुर्चीत ताठ होऊन बसायला होतं.

नुसत्या लढायांच्या मागे लागणाऱ्याचं मात्र नुकसान होतं. पहिल्याच पात्राला 'पेट पाल' हा गुण द्यावा. त्यामुळे जनावरांशी बोलता येतं आणि जग दुपटीने मोठं होतं. ड्रिफ्टवूड गावातल्या कोंबड्यांची अंडी चोरीला गेली आहेत, त्यांच्या तक्रारीतून एक अख्खी कथा निघते. मूळ पात्रांपैकी एक तरी मुख्य म्हणून घ्यावं: सांगाडा असलेला फेन, अंगात कुणीतरी शिरलेली लोहसे, गुलामीचा व्रण घेऊन सूड शोधणारी सेबिल. त्यांच्या कथा हाताने बनवलेल्या कोऱ्या पात्राला मिळत नाहीत. फेनबद्दल एक खबरदारी: तो मेलेला असल्याने विष त्याला बरं करतं आणि उपचाराचा मंत्र इजा करतो. संवाद इंग्रजीत आहेत आणि पुष्कळ आहेत, पण सगळे बोलून दाखवलेले असल्याने वाचनाचा शीण कमी होतो. पात्र बनवताना एक वाद्यही निवडायचं असतं. ते पुढे मोक्याच्या प्रसंगी पार्श्वसंगीतात उमटतं. बोरिस्लाव स्लावोव यांच्या या संगीतात निवडीसाठी बासरीही आहे, 'बन्सुरी' याच नावाने. मराठी कानाला ती लढाईच्या गदारोळात अचानक ऐकू आली की सुखावून जायला होतं.

शेवटचं, सोबतीचं. ऑनलाइन चौघांना एकत्र खेळता येतं, एकाच पडद्यावर दोघांना. परदेशी शिकायला गेलेला भाऊ आणि घरी राहिलेली बहीण असा शनिवार-रविवारचा एक ठरलेला वेळ यासाठी फार छान आहे, कारण पाळीपाळीच्या खेळात कुणाचं नेट मंद असलं तरी फारसं अडत नाही. फक्त आधी ठरवून घ्यावं: कोण बोलणार, कोण कुठे उभं राहणार आणि लूट कुणाकडे जाणार. एक जण दुकानदाराशी घासाघीस करत असताना दुसरा त्याच वेळी शेजारच्या घरात लढाई सुरू करू शकतो. करतोही. मग पहिल्याने भाव सोडून धावत यायचं, आणि वाटेत तेल सांडलेलं नाही ना, ते बघत यायचं.